चैत्रगौरीच्या आराशीत कलिंगडाचं कमळ: पहिल्यांदाच सुरी हातात घेणाऱ्यांसाठी

चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेलं की बायकांची नजर आधी झोपाळ्यातल्या गौरीकडे जाते आणि लगेच खाली, कलिंगडाच्या कमळाकडे. आंब्याची डाळ कशी झालीय, पन्ह्यात वेलची आहे की केशर, हे सगळं मागाहून. कमळ नीट उमललं असेल तर बाकी आरास साधी असली तरी चालून जाते. ते कलंडलं असेल, तर पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेल्या करंज्या, लाडू नि बत्तासेही त्याची भरपाई करू शकत नाहीत.

माझं पहिलं कमळ कलंडलं होतं. नुसतं कलंडलं नाही, चौरंगावरून घरंगळत थेट चैत्रांगणावर गेलं. सकाळी दोन तास बसून काढलेली रांगोळी, त्यातली गौरीची पावलं, कासव, शंख, सगळं लाल पाण्यात. चूक एवढीच होती की कलिंगडाला खालून बूड केलं नव्हतं. खाली लिहिलंय ते बहुतेक असंच शिकलेलं आहे.

गौर चैत्र शुद्ध तृतीयेला माहेरी येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते, त्यामुळे हळदीकुंकवाचा दिवस निवडायला जवळजवळ महिना मिळतो. पहिल्यांदाच फळं कोरणार असाल तर तो महिना वापरा. पहिल्या आठवड्यात एक स्वस्त कलिंगड आणून घरच्या घरी फोडा, कापा, बिघडवा. बिघडलेलं खाता येतं, ही या कलेची मोठीच सोय आहे.

आरास वेगळी, खिरापत वेगळी

हे आधी ठरवून टाका, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चैत्र-वैशाखात दुपारचं तापमान ३८-४० अंशांवर असतं. कापलेलं फळ साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवून खाऊ नये, आणि खोली ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एका तासापेक्षाही जास्त नको. संध्याकाळी पाच ते आठ बायका येत-जात राहणार, तेव्हा गौरीपुढचं कमळ शेवटी पोरांना वाटून टाकू हा विचार सोडा. खायचं कलिंगड वेगळं कापून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि लागेल तसं वाटीवाटीने काढा. कमळ बघण्यापुरतं.

आमच्याकडच्या जुन्या बायकांना हे पटत नाही, 'एवढं फळ वाया?' म्हणतात. फार जात नाही. कोरताना जो लाल गर निघतो तो लगेच भांड्यात घालून फ्रिजमध्ये जातो. आराशीत राहते ती साल आणि मधला लाल चेंडू.

कलिंगड आणताना

विदर्भात ज्याला टरबूज म्हणतात तेच हे. (खरबूज वेगळं. ते कोरायला मऊ पडतं, पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.) कमळासाठी गोल कलिंगड घ्या, वजन साधारण पाच किलो. लांबट फळाची परडी छान होते, कमळ नाही.

खायचं कलिंगड आपण पिकलेलं शोधतो. कोरायचं किंचित कमी पिकलेलं, टणक हवं. जास्त पिकलेल्याला सुरीचं टोक लागलं की ते आपणहून टर्रकन तडकतं, आणि ती चीर तुमच्या रेघेवरून जाईलच असं नाही. आतला गरही रवाळ होऊन भुगा पडतो. टिचकी मारून बघा: भरीव, बद्द आवाज आला तर ते परत ठेवा, खणखणीत पोकळ आवाज आला तर घ्या. सालीवर ओरखडे, खड्डे नकोत. एका बाजूला फिकट पिवळा डाग असतोच, फळ शेतात त्या अंगावर टेकलेलं असतं. त्याला दोष समजू नका, मांडताना ती बाजू मागे करायची.

आणि हो, विकणाऱ्याला 'कापून दाखव' म्हणायची सवय त्या दिवशी आवरा.

हत्यारं

बाजारात फळं कोरायचे वीस-पंचवीस नगांचे संच मिळतात. घेऊ नका. थायलंडमध्ये ही कला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढली, आणि तिथले कारागीरसुद्धा बहुतेक काम एकाच छोट्या, पातळ, टोकदार सुरीने करतात. आपल्यालाही तशी एक लहान सुरी, एक सोलाणं, एक लांब पात्याची सुरी आणि गोळे काढायचा छोटा चमचा एवढं पुरतं. पुण्यात तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत होतं.

सुरीला धार मात्र हवीच. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते आणि घसरली की बोटात शिरते. धारदार सुरी आपली आपण चालते. टोमॅटोच्या सालीवर नुसती टेकवून ओढा. साल दबली तर धार लावून आणा, चिरली तर कामाला लागा. लहान सुरी पेन्सिलीसारखी धरायची, करंगळी फळावर टेकवायची म्हणजे हात हलत नाही. फळाखाली ओलं फडकं पसरा. हात कोरडे ठेवा. विळीवर सवय असलेल्यांनी विळी फक्त काकडी-गाजरासाठी ठेवावी, पाच किलोचं कलिंगड विळीवर पेलायच्या भानगडीत पडू नये.

कमळ

कलिंगड फ्रिजमधून काढून लगेच कापू नका. थंड फळाला घाम येतो आणि ते हातातून निसटतं. नळाखाली धुऊन, पुसून खडखडीत कोरडं करा.

आता बूड. देठाकडची बाजू खाली घ्यायची आणि तिथून जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाडीची चकती उडवायची. हिरवं जावं, पांढरं दिसावं, पण लाल अजिबात दिसता कामा नये. लाल दिसलं म्हणजे भोक पडलं, आणि मग रात्रीपर्यंत तिथून पाणी झिरपत राहणार. चकती उडवल्यावर फळ ओट्यावर ठेवून बोटाने ढकलून बघा. डुगडुगलं तर आणखी एक पातळ काप. माझी रांगोळी आठवा.

मग आखणी. आठ पाकळ्या करायच्या असतील तर पट्टी, कंपास काही लागत नाही, शिवणाचा दोरा लागतो. कलिंगडाच्या पोटाभोवती दोरा गुंडाळा आणि जिथे टोक भेटेल तिथे कापा. पाच किलोच्या फळाचा घेर साधारण ६७ सेंटीमीटर भरतो. हा दोरा मधोमध दुमडा, पुन्हा दुमडा, पुन्हा दुमडा. तीन घड्यांत आठ सारखे भाग झाले. घड्यांच्या जागी पेनाने ठिपके द्या, दोरा परत फळाला गुंडाळा आणि प्रत्येक ठिपक्यापाशी दातकोरणीने सालीवर खूण ओरखडा. एकेक पाकळी मध्यावर आठ सेंटीमीटरच्या थोडी वर येते. मला मोठ्या फळालाही आठच आवडतात. बारा केल्या की पाकळ्या अरुंद होतात आणि वाकवताना मोडतात.

प्रत्येक खुणेतून वर टोकापर्यंत आणि खाली बुडाच्या सहा-सात सेंटीमीटर वरपर्यंत दातकोरणीने रेघ ओढा. सगळ्या रेघा माथ्यावर एकत्र येतात, त्यामुळे पाकळीचं टोक आपोआप निमुळतं होतं, वेगळा आकार द्यावा लागत नाही.

आता लहान सुरी. पात्याच्या टोकापासून एक सेंटीमीटर सोडून तिथे चिकटपट्टीचा वेढा द्या. पट्टी सालीला टेकली की थांबायचं, म्हणजे सुरी लाल गरात जात नाही. माथ्यापासून सुरू करून एकेका रेघेवरून सावकाश खाली या. एकामागून एक शेजारची रेघ न घेता समोरासमोरच्या घ्या, म्हणजे फळावरचा ताण सारखा राहतो आणि तडकायची शक्यता कमी होते.

नवीन माणूस अडतो तो पुढच्या पायरीला. पाकळी गरापासून सोडवायची आहे. माथ्याच्या टोकाशी सुरीचं पातं सालीखाली आडवं सारा आणि पांढऱ्या थरातून हळूहळू खाली उतरा, भाताच्या पातेल्याला लागलेली खरपूड उलथन्याने सोडवतो तसं. पाकळी सात-आठ मिलिमीटर जाडीची हवी. जाड राहिली तर वाकत नाही, फार पातळ झाली तर तासाभरात मान टाकते. सुरी रेघ संपते तिथपर्यंतच न्यायची, त्याखाली पाकळ्या बुडाला जोडलेल्याच राहायला हव्यात.

आठही सोडवून झाल्या की बोटांनी बाहेर वळवा. जोर लावायचा नाही. एखादी हट्टी निघाली तर तिच्या मुळाशी, आतल्या बाजूने, पांढरा भाग आणखी थोडा तासा. मुळाशी चार-पाच मिलिमीटर राहिलं की ती वळते. तरीही कट्ट आवाज झाला आणि पाकळी निम्मी मोडली तर रडू नका. अर्धी दातकोरणी आत खुपसून जोडा आणि ती बाजू भिंतीकडे करा. आजवरच्या माझ्या कमळांपैकी निम्म्यांच्या पाठीला असं एक गुपित आहे. फक्त काड्या कुठे खुपसल्या ते लक्षात ठेवा, आरास उतरवताना आधी त्या काढायच्या.

पाकळ्यांच्या मधे आता पांढरट चेंडू उरला असेल. त्याची पांढरी साल सोलाण्याने किंवा सुरीने काढत जा. पांढऱ्याचं गुलाबी, गुलाबीचं लाल होत जातं. सगळीकडे सारखा लाल आला की थांबा, उगाच खोल जाल तर काळ्या बियांच्या थरापर्यंत पोचाल आणि गुळगुळीत चेंडूवर खड्डे दिसतील. बिया सालीच्या लगेच आत नसतात, थोड्या आत गोलाकार रांगेने असतात, म्हणून वरवर तासलेला गर स्वच्छ राहतो. चेंडू नुसता गोल ठेवलात तरी छान दिसतो. हौस असेल तर त्यावर वरपासून खालपर्यंत तिरप्या खाचा द्या, कळीसारखा होतो.

पाकळ्या मिटायला लागल्या तर चेंडू आणि पाकळी यांच्यामधे एकेक हिरवं द्राक्ष बसवा. आधार मिळतो आणि मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

हे सगळं नको वाटलं तर सोपा मार्ग: कलिंगडाच्या पोटावर नागमोडी त्रिकोणी दात आखा, प्रत्येक दातावर लांब सुरी थेट मध्यापर्यंत खुपसा आणि दोन भाग वेगळे करा. दोन लाल कमळं मिळतात, वीस मिनिटांत. पण याला बघणाऱ्याच्या तोंडून 'अगं बाई!' येत नाही.

सालीवर फूल

कमळ जमलं की दुसऱ्या वर्षी हे करा. पहिल्याच वर्षी करायचं असेल तर आधी बटाट्यावर हात बसवा.

कलिंगडाची गंमत त्याच्या थरांत आहे. वर हिरवा, मग फिकट पोपटी, मग पांढरा, गुलाबी आणि लाल. सुरी जितकी आत जाईल तितका रंग बदलतो. रंग भरायचा नाही, तो खणून काढायचा.

फळाच्या दर्शनी भागावर बारा सेंटीमीटरच्या वर्तुळातली हिरवी साल सोलाण्याने अगदी पातळ काढा. मधोमध पाण्याच्या बाटलीचं धुतलेलं झाकण ठेवून त्याच्याभोवती सुरीने सरळ, दीड सेंटीमीटर खोल गोल काप द्या. मग त्याच्या बाहेर पाच-सहा मिलिमीटरवरून सुरी तिरपी धरून पहिल्या कापाच्या तळाला भेटेल असा दुसरा काप. मधली कडी निघून येते आणि झाकणाएवढी गुंडी उठून दिसते. तिच्या कडा गोल करा, ही फुलाची कळी.

पुढे प्रत्येक पाकळीला दोनच काप असतात, हे एकदा कळलं की सगळं कळलं. पहिला काप पाकळीचा: खड्ड्याच्या बाहेरच्या उतारावर अर्धगोल, सेंटीमीटरभर खोल. दुसरा काप त्याच्या मागचा कचरा काढायचा: दोन-तीन मिलिमीटर मागून तिरपा. ती चिंधी निघाली की पाकळी सुटी दिसते. नवशिक्या बाईचं फूल सपाट दिसतं ते बहुतेक वेळा हा दुसरा काप कंजुषीने दिल्यामुळे. पहिल्या फेरीत पाच पाकळ्या. दुसऱ्या फेरीतली पाकळी आधीच्या दोन पाकळ्यांच्या सांध्यामागून निघाली पाहिजे, वीटकामात सांधा सांध्यावर येऊ देत नाहीत तसं. दर फेरीला सुरी थोडी जास्त आडवी धरत जा, म्हणजे बाहेरच्या पाकळ्या उमललेल्या दिसतात. तीन फेऱ्या पुरेत.

सोबतीची मंडळी

काकडी: आठ सेंटीमीटरचा उभा अर्धा तुकडा, त्याला एका टोकाला जोडलेल्या पातळ चकत्या पाडा, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. मऊ झाल्या की एकाआड एक चकती आत दुमडा, पंखा होतो. गाजर: लांबीवर पाच खाचा पाडा आणि आडव्या चकत्या कापा, फुलंच फुलं. लाल मुळ्याला चारी बाजूंनी पाकळ्या कापून बर्फाच्या पाण्यात टाका. तो पाणी पिऊन ताठ होतो आणि पाकळ्या स्वतःच उघडतात. कांद्याचं कमळही असंच उघडतं, पण त्याचा वास गौरीपुढे नको, असं माझं मत आहे. कलिंगडाला मात्र पाण्यात बुडवून ठेवू नका, रंग आणि गोडी दोन्ही उतरतात.

तोतापुरी कैरीला निसर्गानेच चोच दिलेली आहे. दोन लवंगा डोळ्यांच्या जागी खोचा, पंखापुरती साल कोरा, पोपट तयार. कैरी कोरताना चीक हाताला लागू देऊ नका, कातडीला आग होते. बोटांना आधी तेलाचा हात लावून घ्या. सफरचंदाला लिंबाचा रस चोळा, नाहीतर पाहुणे यायच्या आत तपकिरी होईल. हापूस कोरू नका. चैत्रात त्याचा भाव काय असतो ते बघा आणि अख्खाच मांडा.

मांडणी

पायऱ्यांसाठी डबे उलटे ठेवून वर पाट आणि त्यावर कापड. कापडावर फळ थेट ठेवू नका, खाली केळीचं पान घाला. कलिंगड हिरवं, पान हिरवं, असं झालं तर कमळ हरवतं, म्हणून कमळाखाली पितळी परात घ्या. पाणी सुटलं तर ते तिथेच राहतं. मुंग्यांसाठी जुनाच उपाय: चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. समई कमळापासून दोन हात लांब, उष्णतेने पाकळ्या मरगळतात.

फुलं मोगऱ्याची, गुलाबाची चालतात. कण्हेर आणि रुई फळांजवळ नको, दोन्ही विषारी आहेत.

वेळेचं गणित

हळदीकुंकू पाच वाजता धरू. आदल्या रात्री सुरीला धार, फळं धुऊन पुसून ठेवणं, मुळा-गाजर कापून थंड पाण्यात. आणि फ्रिजचा एक कप्पा काढून जागा मोजणं. उमललेलं कमळ मिटलेल्या कलिंगडापेक्षा कितीतरी रुंद होतं, हे माझ्या लक्षात नेमकं साडेतीनला आलं होतं. दुपारी एकला कमळ सुरू करा, पहिल्यांदा दीड-दोन तास लागतात. झालं की ओलं, पिळलेलं मलमल पांघरून फ्रिजमध्ये. जागा नसेल तर पाकळ्या वळवायचं काम शेवटी ठेवा आणि मिटलेलंच आत सारा. साडेचारला बाहेर काढून मांडा. मधूनमधून स्प्रेच्या बाटलीने पाणी शिंपडा, कोणी बघत नसताना.

रात्री आरास उतरवली की सालीतला आतला, हवा न लागलेला पांढरा भाग किसायचा मोह होईल. तासन् तास बाहेर राहिलेल्या सालीचं काही करू नका, ती कुंडीतल्या खताला द्या. पण दुपारी खायचं कलिंगड कापताना निघालेली साल फ्रिजमध्ये ठेवली असेल, तर तिचा हिरवा भाग काढून पांढरा किसा, भिजवून वाटलेले तांदूळ, हिरवी मिरची, मीठ आणि थोडं ओलं खोबरं घाला आणि बिडाच्या तव्यावर घावनं टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला कोणी उठलेलं नसतं, तेव्हा हीच न्याहारी पटकन होते.